दहाव्या प्रश्नावरची खूण

(पत्र थोडक्यात देत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि पत्रलेखिकेची परवानगी घेऊनच ते छापत आहे.)

"मी एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठ वर्षं स्टाफ नर्सची नोकरी केली आणि मग शिकायला आले. माझं डेझर्टेशन बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर आहे. बाळाला दीड महिन्याचा डोस द्यायला आलेल्या आयांकडून लसीकरणाच्या ओ.पी.डी.त मी एडिंबरो स्केल, म्हणजे नैराश्याची लक्षणं टिपणारी दहा प्रश्नांची प्रश्नावली, भरून घेते. सॅम्पल शंभरचं ठरलंय, फॉर्म अठ्ठ्याऐंशी झालेत.

नऊ दिवसांपूर्वी एक बाई आली, वय असेल बावीस-तेवीस. सासू बाळाला घेऊन वजनाच्या काट्याकडे गेली होती. बाईने नऊ प्रश्न भराभर भरले. दहाव्यावर पेन थांबलं. स्वतःला इजा करून घ्यावी असं मनात येतं का, हा तो प्रश्न. तिने 'कधीकधी' वर खूण केली, फॉर्म उलटा केला आणि माझ्या हातात देत म्हणाली, 'सिस्टर, हे घरी कळायला नको.' एवढ्यात सासू आली आणि त्या निघून गेल्या. मी गुणांची बेरीज केली तर ती अकरा भरली. आमचा कट-ऑफ तेरा आहे, म्हणजे तेरा किंवा जास्त आले तरच नैराश्याची शक्यता धरतो.

गाईड मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, 'तुझी स्टडी डिस्क्रिप्टिव्ह आहे, फक्त दिसतं ते नोंदवायचं. मध्ये पडलीस तर डेटा बिघडेल. शिवाय आपण गोपनीयतेची हमी दिली आहे आणि स्कोअरही कट-ऑफच्या खाली आहे.' राहिलेल्या बारा फॉर्मबद्दल म्हणाल्या, 'सबमिशन तोंडावर आलंय, पॅटर्न बघून भरून टाक, सगळेच करतात.' माझी झोप उडाली आहे. अडीच महिन्यांच्या डोसला ती येईलच, तेव्हा बोलावं असं वाटतं. तोवर थांबू का? तिचा फॉर्म डेटात धरू का? आणि बारा फॉर्मचं काय करू?"

प्रिय सिस्टर,

तुमचं पत्र वाचलं त्याच रात्री मी तुम्हाला दोन ओळी पाठवल्या: अडीच महिन्यांच्या डोसची वाट बघू नका, उद्या सकाळी तिला फोन करा. तुम्ही तो केलात, ती येऊन भेटून गेली, आणि ती आता कुणाच्या देखरेखीखाली आहे हेही तुम्ही कळवलंत. त्यापुढचं इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. पण त्या दोन ओळींमागचं सगळं इथे सविस्तर लिहिते. हे सदर वाचणाऱ्या बऱ्याच जणी आज ना उद्या हातात प्रश्नावली घेऊन अशाच एखाद्या बाकावर बसणार आहेत.

सुरुवात त्या अकरा गुणांपासून करते, कारण संशोधनाची पद्धत नीट माहीत नसली की नीतीही चुकते. एडिंबरो स्केल 1987 साली स्कॉटलंडमध्ये जॉन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलं. त्यात दहा प्रश्न आहेत, गेल्या सात दिवसांबद्दलचे, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. हे चाळण लावायचं साधन आहे, त्याने निदान होत नाही. गुणांपेक्षा तुमचा क्लिनिकल अंदाज मोठा, हे स्केलच्या मूळ सूचनांतच सांगितलं आहे. तेराचा कट-ऑफही मूळच्या इंग्रजी स्केलचा. दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या समाजात तो आकडा बदलतो. आणि दहावा प्रश्न तर बेरजेत घालून विसरायचा प्रश्नच नव्हे. तिथे शून्य सोडून काहीही आलं की एकूण गुण किती झाले ते न बघता त्या बाईशी त्याच दिवशी बोलायचं असतं. तुमच्या मास्टर शीटवर हीच बाई 'नैराश्य नाही' या रकान्यात जाऊन बसली असती. शीट बघणाऱ्या स्टॅटिस्टिशियनला ती कधीच दिसली नसती. तिला पाहिलं ते फक्त तुम्ही, कारण तिचं पेन थांबलेलं तुमच्या डोळ्यांसमोर घडलं.

आता 'मध्ये पडलीस तर डेटा बिघडेल' याबद्दल. हे वाक्य बोलणारी माणसं वाईट नसतात, म्हणूनच ते मला जास्त घाबरवतं. एम.एस्सी.च्या वर्गात मी टस्कीगीचा विषय शिकवायचे तेव्हा मुली परीक्षेपुरतं सन आणि आकडे लिहून घेत. मी त्यांना तिथल्या नर्सबद्दल सांगायचे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मेकन कौंटी म्हणून भाग आहे, टस्कीगी हे तिथलंच गाव. 1932 साली तिथे सरकारच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यातल्या 399 जणांना सिफिलिस होता. उपचार न करता हा आजार कुठवर जातो ते बघत राहायचं, एवढंच त्या अभ्यासाचं काम. त्यांना नीट कुणी काही सांगितलं नाही, 'रक्त खराब आहे' एवढ्यावर भागवलं. 1940 च्या दशकात पेनिसिलिन हा हमखास उपाय ठरला, तरी ते या माणसांपर्यंत पोहोचू दिलं नाही. 1972 साली वर्तमानपत्रांत बातमी फुटली तेव्हा कुठे हे थांबलं. चाळीस वर्षं!

या चाळीस वर्षांत डॉक्टर येत-जात राहिले. टिकून राहिली ती नर्स युनिस रिव्हर्स. ती त्यांच्यातलीच, कृष्णवर्णीय, त्याच भागात काम करणारी. ती त्या माणसांना गाडीतून तपासणीला न्यायची, घरोघरी जायची, कुणी गेलं तर मातीला उभी राहायची. अंत्यविधीचा खर्च देऊ, पण शवविच्छेदनाला संमती द्या, हे घरच्यांशी बोलण्याचं कामही तिच्याकडेच होतं. वीस वर्षांच्या पाठपुराव्यावर 1953 साली शोधनिबंध छापून आला, त्यावर पहिलं नाव तिचं आहे. तिने त्या माणसांवर माया केली यात मला शंका नाही. त्यांचा डॉक्टरांवर नव्हता एवढा विश्वास तिच्यावर होता, आणि अभ्यास इतकी वर्षं चालला तो त्या विश्वासावरच. तुमच्याकडे त्या मुलीने फॉर्म उलटा करून दिला, सासू वळायच्या आत. तोही तसलाच विश्वास. तुमच्या मॅडमची टस्कीगीशी बरोबरी करायचा माझा हेतू नाही, त्या फक्त सबमिशनची तारीख बघत होत्या. पण 'आपण फक्त बघतोय' हे वाक्य दोन्ही ठिकाणी एकच आहे. परिचारिकेने ते तोंडात घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. डिस्क्रिप्टिव्ह हा शब्द अभ्यासाच्या आराखड्याला लावतात, अभ्यास करणाऱ्या माणसाला नव्हे.

आणि डेटा बिघडतो कुठे? तिने खूण केली तेव्हा तुमचं मोजमाप पूर्ण झालं होतं. त्यानंतर तिला मदत मिळाली तर त्या खुणेत काडीचा फरक पडत नाही.

गोपनीयतेचं म्हणाल तर तो मुद्दा खरा आहे, आणि तो सहज उडवून लावू नये. 'घरी कळायला नको' असं ती म्हणाली. कुणालाच कळायला नको असं ती म्हणाली नाही, तुम्हाला तर तिने स्वतःच सांगितलं. आय.सी.एम.आर.च्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सहभागी व्यक्तीची माहिती जपण्यावर भर आहे, आणि जिवाला धोका असेल तर अपवादही मान्य केलेला आहे. पण अपवाद आहे म्हणून लगेच सासूच्या कानावर घालायचं असं नाही. आधी तिच्याशी, तिच्या एकटीशी बोलायचं. कुणाला सांगितलेलं चालेल ते तिलाच विचारायचं. आई, बहीण, नवरा, कुणीतरी एक नाव निघतंच. पुढे पाठवायला ती तयार झाली तर तिच्यासोबत मानसोपचार ओ.पी.डी.च्या दारापर्यंत जायचं, नुसती चिठ्ठी हातात द्यायची नाही. धोका आत्ताच दिसत असेल, तिने काही ठरवून ठेवलेलं असेल, तर तिला एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टरांना ताबडतोब सांगायचं, तिने नको म्हटलं तरी. फक्त हे तुम्ही करणार आहात हे आधी तिला, तिच्याकडे बघून सांगायचं. पाठीमागून करायचं नाही.

फोन करताना माता-बाल संरक्षण कार्डावर बहुधा नवऱ्याचा नंबर असतो, हे लक्षात ठेवा. "लसीकरण विभागातून सिस्टर बोलतेय, बाळाच्या आईशी बोलायचंय" एवढंच म्हणायचं. ते खरंही आहे आणि त्यातून काही उघडही होत नाही. ती फोनवर आली की आधी विचारायचं, आत्ता मोकळेपणाने बोलता येईल का. मग खरा प्रश्न विचारायचा. तो कसा विचारायचा ते आपल्या अभ्यासक्रमात शिकवतात, पण वॉर्डात जीभ अडते. "त्या दिवशी तुम्ही दहाव्या प्रश्नावर खूण केली होती. जीव द्यावा असं मनात येतं का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कुणीतरी तोंडाने उच्चारलं म्हणून बरीच बायामाणसं रडून मोकळी होतात. काही ठरवलंय का, आधी कधी असं झालं होतं का, बाळाबद्दल काही भलतंसलतं मनात येतं का, रात्री झोप लागते का, घरात मारहाण होते का, हे सगळं हळूहळू विचारायचं. बाळ काढून घेतील या भीतीने बाया गप्प बसतात. तेव्हा त्यांना सांगा, 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात म्हटलं आहे की आई उपचारासाठी दाखल झाली तरी तीन वर्षांखालच्या बाळाला सहसा तिच्यापासून वेगळं करायचं नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे. तो लसीकरणाच्या कार्डामागे पेनाने लिहून द्या, वेगळा कागद घरात कुणाच्याही हाती पडतो. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं असतात. त्यांच्यातल्या एकाशी तरी तुमची आधीच ओळख असायला हवी. फॉर्म भरायला घेण्याच्या आधी.

इथेच तुमच्या अभ्यासातली खरी चूक आहे, आणि ती तुम्हा दोघींच्याच माथी मारणार नाही. मी काही वर्षं एका संस्थेच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे संशोधनाचे प्रस्ताव नीतीच्या दृष्टीने तपासून मंजूर करणाऱ्या समितीवर होते. अशा समितीत बाहेरचे अध्यक्ष असतात, वकील असतात, वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा सर्वसामान्य माणूसही असतो. सॅम्पल साइझवर आम्ही अर्धा-अर्धा तास बोलायचो. दहावा प्रश्न पॉझिटिव्ह आला तर विद्यार्थिनी नेमकं काय करणार, कुणाला फोन लावणार, हे विचारायला मलाच पहिली दोन वर्षं सुचलं नव्हतं. त्या काळात मंजूर झालेले काही प्रस्ताव आठवले की आजही मला अस्वस्थ वाटतं. तुमच्या समितीनेही ते विचारलेलं दिसत नाही. म्हणून आता समितीच्या सदस्य सचिवांना पत्र द्या. घडलं ते तारखेसह लिहा, त्या मुलीचा फक्त कोड द्या, आणि संमतीपत्रात दुरुस्ती मागा. माहितीपत्रकात साध्या मराठीत हे वाक्य घाला: "तुम्ही दिलेली उत्तरं आम्ही कुणाला सांगणार नाही. पण तुमच्या किंवा बाळाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर आम्ही तुमच्याशी बोलू आणि तुम्हाला सांगून डॉक्टरांची मदत घेऊ." हे वाक्य वाचून दाखवायचं. सही करून घेताना "इथे करा" म्हणून बोट ठेवायचं आणि बाई सही करते, ती संमती नव्हे. आणि जागा बदला! रांगेतल्या बाकावर, सासूच्या शेजारी बसून हा फॉर्म कुणी खरा भरत नाही. आईने आपली उत्तरं दुसऱ्याशी बोलून लिहू नयेत, याची काळजी घ्यायला स्केलच्या मूळ सूचनाच सांगतात. वजनाच्या काट्यामागे पडदा लावून दोन खुर्च्या टाकल्या तरी पुरे.

मागचे अठ्ठ्याऐंशी फॉर्म पुन्हा काढा आणि फक्त दहावा प्रश्न बघत जा. आणखी कुठे खूण राहून गेली असेल तर तिथेही फोन. कोड आणि नावांची यादी कुलूपबंद ठेवतात ती जपायला, पण अशा दिवशी ती उघडता यावी म्हणूनही ठेवतात.

बारा फॉर्मचं उत्तर एका शब्दात देता येईल, पण तुम्ही "सगळेच करतात" असं लिहिलंत म्हणून माझं एक सांगते. नोकरीला लागून दुसरंच वर्ष होतं. पी.एन.सी. वॉर्ड, म्हणजे बाळंतिणींचा, नाइट ड्यूटी, मी एकटी आणि एक मावशी. पहाटे चारचं टी.पी.आर., म्हणजे ताप, नाडी आणि श्वास, घ्यायचं होतं. तीसेक बाळंतिणी होत्या, आणि दोन बाळांचं दूध पाजणं सुरू होतं. मी टेबलापाशी बसले आणि चार्टवर ओळीने भरत गेले: 98.6, 80, 20. पुढची, 98.4, 78, 20. आदल्या दिवशीचा पॅटर्न बघून, तुमच्या मॅडम म्हणतात तसंच. सिझर होऊन तिसरा दिवस असलेली एक बाई घोंगडी पांघरून पडली होती. थंडी वाजतेय असं तिची आई सांगून गेली होती. सकाळी राऊंडला ताप 102 निघाला, टाक्यात पू झाला होता. डॉक्टरांनी चार्ट बघून मला विचारलं, "पहाटे ताप नव्हता?" मी म्हटलं, "नव्हता सर." ती वाचली, पण तीन आठवडे अंथरुणावर होती आणि तिचं दूध आटलं. मला कुणी पकडलं नाही. तिच्या आईने जाताना माझ्या हातावर साखर ठेवली. त्या चार्टवरचं माझं 98.6 मला आजही दिसतं, निळ्या शाईतलं. त्यानंतर मी हाताखालच्या मुलींना एकच सांगत आले, की घेतलं नसेल तर रकाना कोरा ठेवा आणि का नाही घेतलं ते लिहा. कोरा रकाना बघून डॉक्टर निदान विचारतो तरी.

आता त्या बारा फॉर्मचा हिशेब बघा, म्हणजे मॅडमशी बोलताना हाताशी असेल. समजा अठ्ठ्याऐंशीपैकी चौदा जणी कट-ऑफच्या वर आल्या, तर प्रमाण झालं सुमारे सोळा टक्के. बारा 'नॉर्मल' फॉर्म मनाने भरलेत की ते झालं चौदा टक्के. म्हणजे दोन टक्के बायांचं दुखणं तुम्ही टेबलावर बसून बरं केलंत. आणि खरंच शंभर फॉर्म मिळाले असते तर मिळालं काय असतं? पंधरा टक्क्यांच्या आसपासच्या प्रमाणाला शंभरच्या सॅम्पलमध्ये मागे-पुढे सात टक्क्यांची चूक धरतात, अठ्ठ्याऐंशीमध्ये साडेसात टक्क्यांची. अर्ध्या टक्क्यासाठी एवढं पाप कशाला? तुमच्या स्टॅटिस्टिशियनकडून हे तपासून घ्या आणि प्रबंधात मर्यादा म्हणून स्वच्छ लिहा की सॅम्पल अठ्ठ्याऐंशीचं आहे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ज्या बायांनी फॉर्म भरायला नकार दिला किंवा अर्धवट सोडला, त्या किती आणि का, हे तुम्ही नोंदवलंय का? पत्रात तसा उल्लेख नाही. ज्यांना सासूने "चल, उशीर होतोय" म्हणून ओढून नेलं, ज्या बाळ रडतंय म्हणून उठल्या, ज्यांनी प्रश्न वाचून फॉर्म परत केला, त्यांच्यातच त्रासात असलेल्या जास्त असू शकतात. सोयीने घेतलेल्या सॅम्पलची हीच खोट असते. नकारांची यादी, नावं न घालता, प्रबंधात आली तर परीक्षक त्यावर प्रश्न विचारतील आणि तुमच्याकडे खरं उत्तर असेल. मनाने भरलेल्या फॉर्मवर प्रश्न आला तर काय सांगाल?

मॅडमशी बोलायला भांडण काढून जाऊ नका. अंतर्गत गुण त्यांच्या हातात आहेत, वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, त्या शेजारी बसणार आहेत, हे मी विसरलेले नाही. समितीला द्यायच्या पत्राचा मसुदा घेऊन जा आणि म्हणा, "मॅडम, हे तुमच्या सहीने गेलं तर बरं दिसेल." बहुतेक गाईड तेवढ्यावर वळतात, कारण त्यांनाही कुठेतरी हे टोचत असतं. फॉर्म भरण्याचा आग्रह तरीही सुरू राहिला तर बोलणं झाल्यावर त्याच दिवशी नम्र ई-मेल टाका: आज ठरल्याप्रमाणे सॅम्पल अठ्ठ्याऐंशीवर बंद करत आहे. नाहीच ऐकलं तर विभागप्रमुख आणि मग सदस्य सचिव. मुदतवाढीचा अर्ज करायचा असेल तर कारण खरं लिहा.

राहिला तिचा फॉर्म. तो डेटात धरायचा की नाही हे तिलाच विचारा. भीतीच्या भरात केलेली खूण ती मागे घेऊ शकते, तो तिचा हक्क आहे, आणि घेतली तर तुमची देखभाल कमी होता कामा नये. ती हो म्हणाली तर तिचे अकरा गुण जसेच्या तसे धरा आणि दहाव्या प्रश्नाची नोंद वेगळ्या तक्त्यात द्या: कट-ऑफखाली असूनही खूण केलेल्या किती. तुमच्या सगळ्या प्रबंधात पुढच्या परिचारिकेला उपयोगी पडेल असा तक्ता मला तरी हाच वाटतो.

आणि बाळाच्या अडीच महिन्यांच्या डोसची तारीख कार्डावर बघून ठेवा. त्या दिवशी तुमची क्लिनिकल पोस्टिंग दुसरीकडे असली तरी सुट्टी मागून ओ.पी.डी.त जा. ती रांगेत सासूबरोबर असेल. तुम्ही काही विचारू नका, बाळाला मांडीवर घ्या आणि तिला पाणी पिऊन यायला सांगा.